प्रदर्शनाची सूची : एक उपेक्षित ग्रंथप्रकार

प्रदर्शन संपलें, भिंतींवरील चित्रें उतरलीं, जीं विकलीं गेलीं तीं धन्याच्या घरीं पोंचलीं व उरलेलीं चित्रकाराच्या खोलींत परत आलीं, म्हणजे मागें राहतें काय? दाराजवळच्या मेजावर ठेवलेला एक कागद. कधीं तो नुसता दुमडलेला असतो, कधीं आठ-सोळा पानांची चोपडी असते. तींत चित्रकाराचें नांव, चित्रांचे अनुक्रमांक, त्यांचीं मापें, आणि कोणा मान्यवरानें लिहिलेले चार स्तुतिपर परिच्छेद असतात. इंग्रजी शब्दानें आपण तिला ‘कॅटलॉग’ म्हणतों. ‘सूची’ हें तिचें मराठी नांव. प्रेक्षक ती हातांत धरून दालनांत फिरतो, बाहेर उकाडा असला तर तिनें वारा घेतो, आणि आठ दिवसांत ती रद्दींत जाते. अशा चोपड्या जन्मभर जमविणारीं माणसें जगांत आहेत असें आम्ही कोणास सांगूं लागलों, म्हणजे ऐकणारा प्रथम हसतो आणि मग आमच्याकडे कींव आल्यासारखा पाहतो. प्रस्तुत लेखांत या छंदाची बाजू मांडण्याचा आमचा हेतु आहे. मात्र ती बाजू आम्ही सरसकट घेत नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

सूची ही जन्मतः सेवक होय. पॅरिसच्या राजाश्रित कला-अकादमीनें सतराव्या शतकांत आपल्या सभासदांचीं चित्रें लोकांपुढें मांडण्यास सुरुवात केली, तेव्हां १६७३ सालीं प्रेक्षकांच्या सोयीसाठीं एक छापील यादी निघाली. लंडनच्या रॉयल अकादमीचें पहिलें प्रदर्शन १७६९ सालीं भरलें व तेथेंहि हीच चाल पडली. क्रमांक पाहावा, यादींत नांव शोधावें, पुन्हां चित्राकडे वळावें, एवढाच तिचा उपयोग. चित्र हें शरीर आणि सूची ही त्याची सावली, असा हा संबंध जवळजवळ तीनशें वर्षें चालला. नाहीं म्हणावयास एक अपवाद लक्षांत घेण्यासारखा आहे. दिदरोनें पॅरिसच्या प्रदर्शनांवर १७५९ पासून जे लेख लिहिले, ते एका हस्तलिखित पत्रिकेंतून परदेशच्या राजदरबारीं जात असत. ते वाचणाऱ्यांपैकीं पुष्कळांच्या दृष्टीस तीं चित्रें कधींच पडलीं नाहींत. तथापि त्यांचें रसग्रहण अडलें नाहीं. वस्तूवांचून वस्तूची कल्पना शब्दांनीं उभी करतां येते ही गोष्ट यावरून सिद्ध होते. परंतु तिच्यांतून निघणारा मोठा निष्कर्ष काढावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

त्या काळांत, म्हणजे १९६० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत व युरोपांत जी एक चळवळ निघाली तिला संकल्पनाकला असें नांव पडलें. सॉल लविट या शिल्पकारानें १९६७ सालीं एका लेखांत तिचें तत्त्व मांडलें. तें थोडक्यांत असें, कीं कलाकृतींत मुख्य गोष्ट तिची कल्पना होय. प्रत्यक्ष घडण ही मागाहून येणारी, कांहींशी यांत्रिक बाब आहे. हें मत ग्राह्य कीं अग्राह्य हा वाद आम्ही येथें उकरून काढीत नाहीं. येथें एवढेंच पाहावयाचें, कीं एकदां तें मान्य केलें म्हणजे सूचीची पायरी आपोआप बदलते. तैलचित्राचा छापील ठसा हा मूळ चित्राचा फिकट अनुवाद असतो. कारण रंगाचा थर, कुंचल्याची ओढ, चित्राचा आकार यांतलें कांहींच कागदावर उतरत नाहीं. पण जी कलाकृति मुळांतच दोन ओळींचें वाक्य आहे, किंवा एक नकाशा व चार साधीं छायाचित्रें आहे, ती छापली असतां तिच्यांतलें उणें काय होतें? कांहींच नाहीं. छापलेलें पान हेंच तिचें मूळ रूप ठरतें. अशा वेळीं सेवक धन्याच्या गादीवर येऊन बसतो.

ही उलथापालथ ज्यानें सर्वांत स्पष्टपणें ओळखली तो मनुष्य चित्रकार नव्हता. सेथ सिगेलाब हा न्यूयॉर्कचा एक तरुण कलाव्यापारी होता. १९६९ च्या जानेवारींत त्यानें शहराच्या मध्यभागीं कचेरीसारख्या दोन खोल्या महिनाभरासाठीं घेतल्या. रॉबर्ट बॅरी, डग्लस ह्यूबलर, जोसेफ कोसुथ व लॉरेन्स वीनर या चौघांचें तें प्रदर्शन. बॅरीनें तेथें रेडिओच्या लहरी ‘मांडल्या’ होत्या, म्हणजे डोळ्यांना दिसण्यासारखें कांहींच नव्हतें. सिगेलाबनें त्या वेळीं उघड सांगितलें, कीं या प्रदर्शनांत मुख्य वस्तु कॅटलॉग असून खोलींत ठेविलेल्या वस्तु त्याच्या पुरवणीदाखल आहेत. दोनच महिन्यांनीं त्यानें याच्याहि पुढें मजल मारली. मार्चच्या एकतीस दिवसांसाठीं त्यानें एकतीस कलावंतांस पत्रें पाठविलीं व प्रत्येकास एक तारीख नेमून दिली. उत्तरें आलीं तीं दिनदर्शिकेच्या रूपानें छापलीं. ज्यांचें उत्तर आलें नाहीं त्यांच्या तारखेचें पान कोरेंच ठेविलें. या प्रदर्शनाला दालन नव्हतें. ती दिनदर्शिका हेंच प्रदर्शन.

याच्या थोडें आधीं, १९६८ च्या डिसेंबरांत, सिगेलाब व जॅक वेंडलर यांनीं ‘झेरॉक्स बुक’ या नांवानें ओळखलें जाणारें पुस्तक काढलें. सात कलावंत, प्रत्येकास पंचवीस पानें, प्रती एक हजार. कल्पना अशी होती कीं तें नव्यानें प्रचारांत आलेल्या नक्कल-यंत्रावर काढावें. पण तो खर्च परवडेना म्हणून अखेर तें साध्या ऑफसेट पद्धतीनें छापलें. या ग्रंथाचें नांव आतां मोठ्या आदरानें घेतलें जातें. आमचें कर्तव्य त्याचें परीक्षण करण्याचें आहे. कार्ल आंद्रेनें पानागणिक एकेक चौकोन वाढवीत नेला आहे. पान उलटणें हीच येथें घडण आहे. लविटनें रेषांच्या चार दिशा घेऊन त्यांची अदलाबदल करीत चौकट भरली आहे. गणिताची आवड असणारास तींत बुद्धिबळाच्या डावासारखा आनंद मिळतो. बॅरीनें प्रत्येक पानावर चाळीस हजार ठिपके छापले आहेत व पंचवीस पानें मिळून दहा लाखांचा हिशेब पुरा केला आहे. आमच्या मतें पुस्तकांतील श्रेष्ठ भाग हाच. दहा लाख ही संख्या आपण तोंडानें सहज उच्चारतों. ती डोळ्यांपुढून जावी लागली म्हणजे किती असते, हें पंचविसाव्या पानाशीं आलों असतां कळतें. याउलट रॉबर्ट मॉरिसनें पृथ्वीचें एकच छायाचित्र पंचवीस वेळां छापलें आहे. त्यांतील विनोद तिसऱ्या पानावर संपतो आणि उरलेलीं बावीस पानें केवळ कराराची पूर्तता म्हणून येतात. पुस्तक नवीन प्रकारचें असलें म्हणून त्यांतील सर्वच पानें सरस ठरत नाहींत. हा विवेक या क्षेत्रांतील लेखकांत फारसा आढळत नाहीं म्हणून तो मुद्दाम नमूद केला.

संकल्पनाकलेच्या याच वाटेवर दुसऱ्या दिशेनें आलेला कलावंत एड रूशे होय. तो कॅलिफोर्नियांत राहणारा व वाढलेला ओक्लाहोमा शहरीं. या दोन ठिकाणांच्या दरम्यान हमरस्त्यावर लागणाऱ्या पेट्रोल-पंपांचीं छायाचित्रें घेऊन त्यानें १९६३ सालीं एक पातळ पुस्तक प्रसिद्ध केलें. त्याचें नांव ‘ट्वेंटीसिक्स गॅसोलीन स्टेशन्स’, आणि आंत खरोखर सव्वीस पंप आहेत. प्रत्येकाखालीं पंपाचें व गांवाचें नांव. प्रस्तावना नाहीं, स्पष्टीकरण नाहीं. किंमत साडेतीन डॉलर, प्रती चारशें. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसनें, हें पुस्तक ठेवून घेण्याचें नाकारलें. रूशेनें खेद करण्याऐवजीं त्या नकाराचीच जाहिरात एका कलाविषयक मासिकांत दिली.

ग्रंथपालाचा तो नकार आम्हांस अगदीं समजण्यासारखा वाटतो. त्याच्यापुढें अडचण अशी, कीं हें पुस्तक कोणत्या कपाटांत ठेवावयाचें? छायाचित्रणाचा नमुना म्हणावें तर छायाचित्रें सामान्य आहेत. प्रवासवर्णन म्हणावें तर वर्णनच नाहीं. चित्रकाराचीं पुस्तकें त्या आधीं नव्हतीं असें नाहीं. व्होलारसारख्या फ्रेंच प्रकाशकांनीं थोर चित्रकारांकडून चित्रें काढवून घेऊन उंची कागदावर मोजक्या प्रतींचे ग्रंथ काढले होते. मातिसचें ‘जाझ’ १९४७ सालीं निघालें तें त्याच परंपरेंतलें. पण ते ग्रंथ म्हणजे श्रीमंताच्या दिवाणखान्यांतील अलंकार. रूशेचें पुस्तक दुकानांत मिळणाऱ्या कोणत्याहि स्वस्त पुस्तकासारखें दिसतें. पुढें त्यास पश्चात्ताप झाला तोहि लक्षांत घेण्याजोगा आहे. पहिल्या चारशें प्रतींवर आपण अनुक्रमांक घातले ही चूक झाली, असें तो म्हणे. कारण क्रमांक घातला कीं दुर्मिळतेचा दिमाख आला. म्हणून १९६७ व १९६९ सालीं त्यानें पुढील आवृत्त्या काढल्या त्या क्रमांकावांचून, आणि शेवटची तर तीन हजारांची.

या दोघांमागें एक समान श्रद्धा होती आणि आमच्या विषयाचें मर्म तिच्यांत आहे. कला ही धनिकाच्या तिजोरींतून सुटावी, डाकेनें जावी, कोणाहि विद्यार्थ्यास खिशांतून बाळगतां यावी, अशी ती श्रद्धा. लॉरेन्स वीनरच्या ‘स्टेटमेंट्स’ या १९६८ सालच्या चौसष्ट पानी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर किंमत ठळक छापली आहे : एक डॉलर पंचाण्णव सेंट. आंत चित्र एकहि नाहीं. अमुक जाडीची अमुक वस्तु, अमुक क्रिया, अशीं वाक्यें आहेत. कृति कलावंतानें करावी, दुसऱ्यानें करावी, किंवा कोणीच न करावी. तिन्ही सारखेंच, असें त्यानें पुढल्याच वर्षीं जाहीर केलें. हें वाचून आमच्या पिढीच्या वाचकास चीड येईल. आम्हांसहि प्रथम आली होती. परंतु विचार करितां असें दिसतें, कीं नाटककाराची संहिता व गायकाची चीज यांचीहि स्थिति याहून फारशी वेगळी नाहीं. चीज कोणी गाइली नाहीं म्हणून ती चीज नाहीं असें आपण म्हणत नाहीं. भेद एवढाच, कीं चीज शतकानुशतकें गळ्यांतून घासून गुळगुळीत झालेली असते आणि वीनरचें वाक्य अजून कोरें आहे. तें टिकेल किंवा कसें हें काळ ठरवील.

सूचीचें बाह्य रूपहि याच सुमारास बदललें. लूसी लिपार्ड या विदुषीनें १९६९ सालीं सिअॅटल येथें भरविलेल्या प्रदर्शनास त्या शहराच्या लोकसंख्येचा आंकडाच नांव म्हणून दिला, व कॅटलॉग सुट्या पत्त्यांचा केला. पत्ते कोणत्याहि क्रमानें लावावेत, नको असतील ते टाकून द्यावेत. त्याच वर्षीं बर्न येथें हाराल्ट झेमाननें भरविलेल्या प्रदर्शनाचा कॅटलॉग कचेरींतल्या फाइलीसारखा, कडेला आद्याक्षरांच्या खांचा असलेला होता. १९७२ सालीं कासल येथील पांचव्या ‘डॉक्युमेंटा’साठीं झेमाननेंच जो कॅटलॉग काढला तो नारिंगी प्लॅस्टिकच्या कड्यांच्या फाइलींत होता, तिच्यावर रूशेनें मुंग्यांची रांग काढून पांचाचा आंकडा उमटविला होता. यांतील लिपार्डबाईंची योजना आम्हांस सर्वांत सार्थ वाटते. संपादकाचें मत वाचकावर न लादण्याची जी प्रतिज्ञा, ती तेथें कागदाच्या घडणींतच उतरली आहे. फाइलींचें कौतुक मात्र आम्हांस मर्यादित आहे. त्या जड आहेत, कडीं उघडतांना पानें फाटतात, आणि वाचकास मोकळीक देण्याच्या नांवाखालीं संपादकानें आपलें निवडीचें काम त्याच्यावर ढकलल्याचा संशय येतो.

आतां संग्राहकाकडे वळूं. जें पुस्तक दोन डॉलरांस मिळत होतें तें आज जुन्या दुर्मिळ पुस्तकांच्या व्यापाऱ्याकडे कांचेखालीं असतें, आणि विद्यार्थ्यानें त्याची किंमत विचारूंहि नये अशी स्थिति आहे. लिपार्डबाईंनीं १९७३ सालीं या चळवळीचा जो वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला, त्याच्या समाप्तीलाच त्यांनीं कबूल केलें आहे कीं बाजारांतून सुटण्याची आशा फोल ठरली. हें कसें झालें? सामान्य समजूत अशी, कीं संग्राहकांच्या हांवेमुळें. आम्हांस हें अर्धेंच खरें वाटतें. हजार प्रती छापलेलें पुस्तक संग्राहकांनीं दुर्मिळ केलें नाहीं. तें दुर्मिळ केलें फेंकून देणारांनीं. जें स्वस्त असतें तें कोणी जपत नाहीं, आणि जें कोणी जपत नाहीं तें वीस वर्षांनीं मिळत नाहीं. स्वस्ताई हाच या पुस्तकांचा गुण आणि तेंच त्यांच्या नाशाचें कारण.

म्हणूनच ज्यांनीं तीं वेळींच उचलून ठेविलीं त्यांचें ऋण मानावयास हवें. जर्मनींत स्टुटगार्टजवळच्या एका लहान गांवीं हान्स झोम नांवाचा दंतवैद्य होता. दांत काढून मिळविलेल्या पैशांतून त्यानें फ्लक्ससपंथी कलावंतांचीं पत्रकें, चोपड्या, आमंत्रणें, भित्तिपत्रकें जमविलीं. १९८१ सालीं तो संग्रह स्टुटगार्टच्या सरकारी चित्रसंग्रहालयांत गेला. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील टिरिंगहॅम या खेड्यांत जीन ब्राऊन या बाईंनीं तसाच संग्रह केला. तो १९८५ सालीं गेटी संस्थेनें घेतला. मार्था विल्सन या कलावतीनें १९७६ सालीं न्यूयॉर्कला ‘फ्रँकलिन फर्नेस’ ही संस्था काढून कलावंतांचीं पुस्तकें सांठविण्यास सुरुवात केली. तो सांठा १९९३ सालीं तेथील आधुनिक कलासंग्रहालयाकडे आला. आणि सिगेलाब स्वतः? ऐन भरांत त्यानें कलाव्यापार सोडला, युरोपांत जाऊन राहिला, आणि वस्त्रविद्येच्या इतिहासावरील जुन्या ग्रंथांचा संग्रह करून त्यांची प्रचंड सूची १९९७ सालीं प्रसिद्ध केली. सूचीला कलाकृति करणारा मनुष्य अखेर अक्षरशः सूचिकार झाला. २०१३ सालीं तो वारला.

आपल्याकडील स्थिति काय आहे? १९४९ सालीं मुंबईंत बाँबे आर्ट सोसायटीच्या दालनांत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपचें प्रदर्शन झालें. सूझा, रझा, हुसेन, आरा यांच्या जोडीला गाडे व बाकरे हीं नांवें त्यांत होतीं. आज त्या प्रदर्शनाविषयीं जो जो लिहितो तो कॅटलॉगांतील सूझा यांच्या निवेदनापाशीं येतो. कारण भिंतीवर काय व कसें टांगलें होतें हें सांगणारें दुसरें फारसें कांहीं उरलें नाहीं. १९६३ सालीं दिल्लीस ‘ग्रूप १८९०’ या बारा जणांच्या मंडळीनें प्रदर्शन भरविलें. आमच्या अकोल्याचे अंबादास त्यांत होते, आणि कॅटलॉगांत मेक्सिकोचे कवि ओक्टावियो पाझ यांचा लेख होता. त्या मंडळीचें तें पहिलें आणि शेवटचें प्रदर्शन. या दोन्ही सूची जुन्या अर्थानेंच सूची होत्या. त्यांत संकल्पनाकलेचा आव नव्हता. तरी काळानें त्यांनाहि मुख्य वस्तु करून टाकलें. खऱ्या अर्थानें नवा प्रकार मुंबईस जन्मलेल्या भूपेन खक्कर यांनीं हाताळला. पेशानें ते हिशेबतपासनीस. १९७२ सालच्या आपल्या कॅटलॉगांत त्यांनीं स्वतःचींच निरनिराळ्या सोंगांतील छायाचित्रें छापलीं व कॅटलॉगाच्या गंभीर चेहऱ्याची यथेच्छ थट्टा केली. तेथें चोपडी हेंच नाटक होतें. त्याच सुमारास गुलाममोहम्मद शेख व खक्कर हे बडोद्याहून ‘वृश्चिक’ नांवाचें लहानसें नियतकालिक काढीत. त्याच्या अंकांतून लिनोचे अस्सल ठसे घातलेले असत.

या कागदांची आपण काय वाट लावली याचा एक दाखला आमच्या अनुभवांतला आहे. एका ग्रंथालयांत आम्हीं वर्षानुवर्षें जमविलेले कॅटलॉग विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठीं भेट दिले. दोन वर्षांनीं पाहतों तों बाइंडरानें सर्वांचीं मुखपृष्ठें काढून टाकलीं होतीं, कडा एकसारख्या कापल्या होत्या आणि निळ्या पुठ्ठ्याचे तीन जाडजूड खंड करून ठेविले होते. एकांतील घडीचें लांब चित्र घडीवरच कापलें गेलें होतें. चौकशी करितां उत्तर मिळालें, कीं मुखपृष्ठें जाहिरातीसारखीं दिसत होतीं आणि खंड आतां कपाटांत नीट बसतात. बाइंडरास दोष देण्यांत अर्थ नाहीं. आपण काय देत आहों हें सांगण्याची काळजी आम्हींच घेतली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, कीं आतां तर सर्व कागदांचीं छायाचित्रें घेऊन तीं यंत्राच्या पडद्यावर घरबसल्या पाहतां येतात. तें खरें आहे, आणि त्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. हाँगकाँगचें एशिया आर्ट आर्काइव्ह २००० सालीं स्थापन झालें. त्यानें बडोद्याच्या ज्योति भट्ट, गुलाममोहम्मद शेख इत्यादिकांचे कागद अशा रीतीनें जगास खुले केले आहेत. वीनरचें वाक्य पडद्यावर वाचलें काय आणि पुस्तकांत वाचलें काय, फरक थोडाच पडतो. किंबहुना फुकट वाचावयास मिळाल्यानें मूळ हेतूच सफल होतो. परंतु रूशेचेंच दुसरें पुस्तक घ्या. सनसेट स्ट्रिप या रस्त्यावरील दोन्ही बाजूंचीं यच्चयावत् घरें त्यानें १९६६ सालीं एका घडीच्या पट्टीवर छापलीं. ती उलगडली म्हणजे सुमारें पंचवीस फूट लांब होते. खोलींत ती अंथरावयाची तर मेज सरकवावें लागतें, गुडघ्यांवर बसावें लागतें, आणि एका बाजूचीं घरें सरळ दिसलीं म्हणजे समोरचीं उलटीं दिसतात म्हणून वळसा घालून पलीकडे जावें लागतें. रस्त्यानें चालण्याचें हें जें अंगाला घडणारें काम, तें पडद्यावर घडत नाहीं. तेव्हां आमची कसोटी अशी : हें पुस्तक पुस्तकच असणें अवश्य होतें काय? उत्तर होकारार्थी आलें तर मूळ प्रत जपावी. नकारार्थी आलें तर छायाचित्रावर समाधान मानावें आणि कपाटांतली जागा वांचवावी. या कसोटीनें पुष्कळांचा संग्रह निम्मा होईल, आणि तो अधिक चांगला होईल.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे, व तो आम्हांस आमच्याच घरांत ऐकावा लागला. दयानिता सिंह यांचें ‘सेंट अ लेटर’ हें २००८ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक आमच्या संग्रहीं आहे. कापडी पेटींत सात इवल्या घडीच्या चोपड्या. एकीचें नांव बाँबे, एकीचें वाराणसी, एकीला त्यांच्या मातोश्रींचें नांव. प्रवासांतल्या सोबत्यांस पत्रादाखल द्यावयाच्या म्हणून या चोपड्यांचा जन्म झाला. उलगडून फळीवर उभी केली कीं प्रत्येक चोपडी म्हणजे एक लहानसें प्रदर्शन होतें. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवर एका जवाहिऱ्याच्या दुकानाच्या कांचेआड त्या अशाच मांडल्या होत्या. एक विद्यार्थिनी हें पुस्तक पाहावयास आली. आम्हीं पेटी कपाटांतून काढली, तिच्यावरचें प्लॅस्टिकचें वेष्टन सोडलें, झांकण उघडून दाखविलें आणि बंद केलें. ती मुलगी संकोचानें म्हणाली, “सर, हे उलगडायचं नसतं का?” आम्ही कांहींसें उत्तर दिलें, पण तें उत्तर नव्हतें. पांच वर्षें तें पुस्तक आमच्यापाशीं होतें आणि सातांपैकीं दोनच चोपड्या आम्हीं स्वतः उलगडल्या होत्या.

मार्सेल ब्रोटहार्स या बेल्जियन कवीनें १९६४ सालीं आपल्या न खपलेल्या काव्यसंग्रहाच्या पन्नास प्रती ओल्या प्लॅस्टरमध्यें रोवून त्यांचें शिल्प केलें. कविता वाचावयाच्या तर शिल्प फोडावें लागणार. लोकांनीं शिल्प पाहिलें. आंत काय लिहिलें आहे याची विचारपूस कोणी केली नाहीं, याचें त्या कवीस नवल वाटलें. ही गोष्ट आम्ही वर्गांत अनेकदां सांगितली होती व तिच्यावर मुलें हंसलीं होतीं. प्लॅस्टिकचें वेष्टन आणि प्लॅस्टर यांत भेद केवळ कठीणपणाचा, हें त्या दिवशीं ध्यानांत आलें.

तेव्हां संग्राहकाचें काम दुहेरी आहे व त्याचीं दोन्ही अंगें एकमेकांविरुद्ध ओढतात. त्यानें राखलें नाहीं तर रद्दीवाला नेतो. त्यानें फार राखलें तर कपाट गिळतें. जो ग्रंथ दोन डॉलरांस याचसाठीं विकला, कीं तो हातोहात जावा, त्यास हातच लागूं न देणें हा त्या ग्रंथाच्या अर्थाचाच द्रोह होय. वापरानें प्रत झिजेल हें खरें. पण तैलचित्रास हात लावला असतां तें बिघडतें, आणि या पुस्तकास हात लावला नाहीं तर तें अपुरें राहतें, हा त्यांतला भेद आहे. मग झीज कोणत्या मर्यादेपर्यंत सोसावी? आमचें उत्तर असें, कीं एकुलती प्रत असेल तर संस्थेच्या स्वाधीन करावी, पण तिचें दर्शन मागणारास ती मेजावर मिळावी या अटीवर; आणि ज्याच्या प्रती अजून मिळतात तें पुस्तक घरीं ठेवून मोकळेपणानें वापरावें.

त्या मुलीस आम्हीं पुढल्या रविवारीं पुन्हां बोलाविलें. साती चोपड्या जेवणाच्या मेजावर उभ्या केल्या. बाँबेची चोपडी उलगडतांना तिच्या एका घडीस चिरा पडला, मुलगी घाबरली. तो चिरा अजून तसाच आहे.

ज्यांच्या हातीं ग्रंथालयें आहेत त्यांस शेवटीं तीन गोष्टी सुचवितों. कॅटलॉग आला कीं त्यावर दिनांक व प्रदर्शनाचें ठिकाण पेन्सिलीनें लिहावें, कारण पुष्कळांवर साल छापलेलें नसतें. मुखपृष्ठ कधींहि काढूं नये आणि बाइंडराकडे पाठवूं नये. साधी पुठ्ठ्याची पेटी पुरते. आणि प्रत्येक पेटीस कुलुपाऐवजीं एक वही ठेवावी, जींत उघडणारानें आपलें नांव लिहावें. ज्या पेटीच्या वहींत वर्षभर एकहि नांव पडलें नाहीं, ती पेटी ग्रंथपालानें स्वतः उघडून पाहावी.